शेंदूर लावलेलं चाक

इंजिनाच्या पोटातलं एक दातेरी चाक मोडलं आणि तेरमधली आमची पिठाची गिरणी बंद पडली. निजाम जाऊन थोडीच वर्षं झाली होती. इंजिन विलायती, त्याच्याच अमदानीतलं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, सोलापूरची दुकानं पालथी घालून आले. सगळीकडं एकच उत्तर, हा माल आता यायचा न्हाय.

गावातल्या बाया पुन्हा जात्याला बसल्या आणि दळता दळता आम्हालाच शिव्या घालू लागल्या. मालकांनी हात टेकले. चौथ्या बाजाराला इंजिन भंगारात घालायचं आणि सोलापूरच्या कापड गिरणीत नोकरी धरायची, असं ठरवूनच टाकलं. म्हणजे ते तिकडं आणि मी लेकरं घेऊन इकडं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "चाक मोडलंय, संसार न्हाय. द्या ते इकडं."

चाक धडप्यात बांधून मी मोटारीनं तुळजापूर गाठलं. तिथं एक म्हातारे ओतारी होते. देवीचे मुखवटे आणि घंटा ओतण्यात हयात गेलेली. चाक बघून ते हसलेच. "बाई, म्या देव घडवतो, इंजिन न्हाय."

"मग देवाला हात जोडा आन् हेबी घडवा, मामा!"

मामांनी मोडक्या दातांच्या जागी मेणाचे दात बसवले, मातीत ठसा घेतला, पितळ ओतलं. चाक असं झळाळत निघालं की मी नाचायचीच बाकी होते. घरी आणून बसवलं तर काय! दाताला दात पुरेना, नुसता खुळखुळाट. मालक म्हणाले, "फिटली हौस?" रागानं रडू येत होतं, पण यांच्यासमोर रडते की काय!

जुनं चाक नव्यावर ठेवून बघितलं. जुनं सगळीकडून जरासं बाहेर डोकावत होतं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तूप थिजलं की वाटीची कड सोडतं, तसं पितळही थंड होताना आकसलेलं. मामांना हे ठाऊक होतं, पण जन्मात कधी नडलंच नव्हतं. मुखवटा केसभर लहान झाला म्हणून देवी कुठं तक्रार करते!

पुन्हा तुळजापूर. "मामा, सगळ्या चाकालाच मेणाचा थर द्या, मोठं ओता. जास्तीचं मी घासते."

मामांनी कपाळावर हात मारला. "आता गं बया! एवढं कसं सुचलं न्हाय मला!"

मोठं चाक घेऊन घरी आले. पण घासायचं नेमकं कुठं? देव्हाऱ्यातला शेंदूर तेलात कालवला आणि इंजिनातल्या जोडीच्या चाकाला फासला. दोन्ही एकत्र फिरवायची आणि पितळेवर जिथं लाल डाग पडेल तिथं कानस चालवायची.

सासूबाई ओरडल्या, "अगं, देवाचा शेंदूर त्यो!"

"आत्याबाई, जे पोटाला घालतंय त्ये देवच की!"

हाताला फोड आले. ठरलेल्या बाजाराचा दिवस उजाडला, भंगारवाला गाडी घेऊन दारात उभा राहिला. मी शेवटचा डाग घासला, चाक बसवलं आणि म्हटलं, "मारा हँडल." मालकांनी जोर लावला. इंजिन एकदा ठसकलं, आणि पुक पुक पुक सुरू! मी भंगारवाल्याला म्हटलं, "आलाच होता तर दळण तरी आणायचं!" इंजिनाचा आवाज ऐकून बाया टोपल्या घेऊन धावल्या, शिव्या देणाऱ्या सगळ्यांत पुढं. अहाहा, असा आनंद पुन्हा झाला नाही. सोलापूरचं नावही मालकांनी काढलं नाही.

पुढं एकदा येडशीचे एक गिरणीवाले मोडकं चाक घेऊन आले. मालकांना म्हणाले, "सोलापूरचा कुठला मिस्त्री गाठला तुम्ही? पत्ता तरी सांगा."

मालक म्हणाले, "सोलापूरला कशाला जाता? मिस्त्री ती काय, तिथं जवारी पाखडतीया."

मी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हटलं, "आणा चाक."