यीस्टची एकादशी

दाणे भाजून झाले होते, सालं मात्र अर्ध्यांचीच निघाली होती. सुरुची सुपात फुंकर मारत होती खरी, पण जीव सगळा कॅनडातल्या त्यांच्या ग्वेल्फ गावातल्या लॅबमधल्या काचेच्या भांड्यात.

त्या भांड्यात तिचं यीस्ट होतं, पाव फुगवणाऱ्या यीस्टचंच भावंड. दोन वर्षं खपून तिने त्यातली चरबी जाळणारी जनुकं काढली होती, साठवणारं एक जास्तीचं घातलं होतं. त्या चरबीतून उद्या साबण, इंधन, काय काय व्हायचं! पण यीस्ट लठ्ठ व्हायचं सोडून नुसता पोरवडा वाढवत होतं. बॉसबाईंनी कालच बजावलं होतं, "वन लास्ट बॅच, सुरुची." ती फसली की दोन वर्षांची मेहनत फ्रीझरच्या तळाशी.

टेबलापाशी तिच्या सासूबाई प्रमिलाबाई बटाट्याचा कीस दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या.

"आई, हा उपास आहे की सण?"

"एकादशी नि दुप्पट खाशी! सकाळपासून किलोभर वाढले असेन. डाळ नाही, कडधान्य नाही. नुसता साबुदाणा, बटाटा नि साखर. चरबीच धरणार ना गं अंगावर?"

सुरुचीचं सूप हातातच थांबलं. डाळ नाही! आणि ती यीस्टला साखरेबरोबर रोज नायट्रोजनचा खुराक घालत होती, म्हणजे प्रथिनं बांधणारी त्याची डाळच की! चरबी हवी तर नायट्रोजन तोडावा, म्हणजे पोरवडा थांबून साखर चरबीत साठते, हे तिने वाचलं होतं. पण जनुकं बदललीत, मग जिवाला उपाशी कशाला ठेवा, असं तिला वाटलं होतं. पाहुण्याला तिसरी पोळी वाढल्याशिवाय उठू न देणारी बाई ती!

"दाणे तुम्ही सोला, मी चालले!"

"अगं, जॅकेट तरी घाल!"

शेवटची बॅच त्याच दुपारी लागली. साखर भरपूर, नायट्रोजन चिमूटभर. चार दिवस तिने हात कसा आवरला, तिचं तिला ठाऊक.

पाचव्या दिवशी चरबी दाखवणारा रंग घालून तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला, आणि अहाहा! पेशीपेशीत सोनेरी थेंब, कढवलेल्या तुपासारखे टपोरे. बॉसबाईंनी दोनदा पाहिलं. "डोन्ट यू डेअर फ्रीझ इट!"

तिने लगेच घरी फोन लावला. "आई, फळली हो तुमची एकादशी!"

"मग सोडू दे की बिचाऱ्यांना उपास."

"छे! आता तर तो रोजच!"

हसत तिने नमुन्यांचा डबा उचलला. तेल किती टक्के भरतं ते मोजायला तो पलीकडच्या इमारतीत द्यायचा होता.