एका रोपाचा पंचनामा

पोळ्याची कर. पैज दोन प्लेट गिला वड्याची. हजर तिघे: अमरावतीच्या राजापेठेतले आमचे शेजारी, निवृत्त कृषी सहायक, सणाला आलेले त्यांचे अकोल्याचे व्याही, तेही त्याच खात्यातून निवृत्त, आणि रोप माझ्या वलगावच्या शेतातलं म्हणून मी.

शेजाऱ्यांच्या खिशात पेनाशेजारी कायम ब्लेड असे. "चिरल्याबिगर बोलू नोका," हे त्यांचं पालुपद. बाजारात ते वांगीही चिरून पाहत. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, पण तीन भाजीवाल्यांनी त्याला हात जोडले नसतील.

ते सोयाबीनचं रोप सुकलं होतं. चक्रीभुंगा खोडाला बाहेरून दोन गोल खाचा पाडतो. खोडमाशीची अळी आतून पोखरते. खोड चिरलं की लालसर बोगदा दिसतो. माझ्या हातून उपटताना खोड नेमकं जिथे खाचा दिसायच्या तिथेच मोडलेलं, म्हणून बाहेरून काही कळेना. व्याही म्हणाले, चक्रीभुंगा. हे, म्हणजे आमचे शेजारी, म्हणाले, खोडमाशी. ब्लेड बाहेर आलं.

"थांबा इवाई!" व्याह्यांनी अडवलं. "चिरणारे तुमी, सांगणारेबी तुमीच? पंचनामा करा."

हे तीस वर्षं पंचनामेच करत आले होते. लगेच पटलं. दोन तटस्थ पंच हवेत. मी शेतमालक, म्हणून बाद. रोप कागदात गुंडाळून, सही-शिक्का करून माझ्या कपाटात गेलं. "निकालाबिगर अकोल्याले पाय ठेवत नाई," हे म्हणाले.

व्याह्यांनी अमरावतीचे अकरा पंच नाकारले, यांनी अकोल्याचे नऊ. एकजण तर यांच्या मुलीच्या लग्नात मुलीकडच्या पंगतीत जेवला म्हणून बाद.

दिवाळीनंतर अकोल्याला त्या मुलीला मुलगी झाली. तिचा फोन आला. "बाबा, बारशाले तरी या."

"येतो ना बाई. पयले पंच ठरू दे."

त्या दिवशी हे माझ्याकडे शिक्का तपासायला आले, तेव्हा ब्लेडसोबत खिशातून एक झबलं डोकावत होतं.

"हरलो असतो तं जाता आलं असतं, भाऊ."

"मग हरा ना!"

"चिरल्याबिगर?"

बारशाच्या आदल्या दिवशी मी कपाट उघडलं. कागदात नुसता भुसा. वाळवी! घाबरतच त्यांना दाखवला. त्यांचे डोळे चमकले.

"पुरावाच नाई तं प्रकरण बंद करा लागते. कावून नाई सांगितलं आधी? बस किती वाजताची हाय?"

दोन दिवसांसाठी गेले, ते आजही अकोल्याच्या जठारपेठेतच आहेत. इथे भाजीवाले निर्धास्त आहेत.

पैजेच्या दोन्ही प्लेटा मी भरल्या, पुरावा न सांभाळल्याबद्दल. बारशाला अमरावतीहून नेल्या. एक यांना, एक व्याह्यांना. हजर चौघे. चौथी पाळण्यात, ते झबलं घालून.