लिनेटच्या पत्रकावरची मेव्हिस

मेव्हिस ट्रँटर माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. इंग्लंडात कॉव्हेंट्रीतल्या ब्रॅमवेल मोटार कारखान्यात आम्ही बायका गाड्यांच्या सीटा शिवायचो. तिचा नवरा सिड रंगखात्यात होता. दोघांचा जन्म गाड्या करण्यात चालला होता, पण त्यांच्या दारात गाडी नव्हती. कुठं जायचं तर बसनं.

एकाहत्तर साली कंपनीनं 'लिनेट' नावाची घरगुती गाडी काढली. तिच्या माहितीपत्रकावर नटी नको, कारखान्यातलीच बाई हवी, असं वरच्या साहेबांच्या मनात आलं आणि मेव्हिसची निवड झाली. तिचं हसूच तसं होतं, बघणाऱ्यालाही हसू फुटायचं.

वेल्सच्या किनाऱ्यावर फोटो काढून ती परतली ती डोळे विस्फारूनच.

"अगं, गाडी लॉरीतून आणली आणि माणसांनी ढकलत वाळूवर नेली! बॉनेट उघडून बघते तर आत इंजिनच नाही!"

"मग?"

"मग काय? फोटोवाला म्हणाला, बाई, तुम्ही हसा. दोन पोरं कुणाची तरी आणलेली, आणि नवरा म्हणून उभा केलेला तो बाप्या! सगळा वेळ माझ्या खांद्यावर हात."

पत्रक छापून आलं तेव्हा पबमध्ये सिडची पार टिंगल झाली. "काय रे सिड, बायको नवी गाडी, नवा नवरा आणि दोन पोरं घेऊन समुद्रावर गेली. तुला काय टपावर बांधलं होतं?" पण ते चित्र स्वयंपाकघरात चिकटवलं सिडनंच.

लिनेट रस्त्यावर आली आणि तिची रडगाणी सुरू झाली. कुठं पाणी गळायचं, कुठं गंज चढायचा. एका शनिवारी मी आणि मेव्हिस बाजारात बटाटे निवडत होतो. एक बाई समोर येऊन थांबली. तिच्या मुलाचा हात प्लास्टरमध्ये होता.

"तीच ना तुम्ही? पत्रकावरची?"

मेव्हिस हसली. "हो, मीच."

"हसताय काय? वळणावर मागचं दार आपोआप उघडलं. माझा कॉलिन रस्त्यावर फेकला गेला. तुमच्या शब्दावर घेतली हो आम्ही ती गाडी!"

"माझ्या शब्दावर?"

"घरी जाऊन वाचा!"

आम्ही तशाच मेव्हिसच्या घरी गेलो. इतके दिवस तिनं फोटोच तेवढा पाहिला होता. खालची बारीक अक्षरं ती मोठ्यानं वाचू लागली. "'माझ्या पोरांना मी लिनेटशिवाय दुसऱ्या गाडीत बसवतच नाही,' म्हणतात कॉव्हेंट्रीच्या मिसेस ट्रँटर." या नवराबायकोला मूलच नव्हतं.

सोमवारी ती जाहिरातीच्या साहेबांकडे गेली. साहेब शांतपणे म्हणाले, "मिसेस ट्रँटर, पत्रकावर का कुणी विश्वास ठेवतं?"

"कॉलिनच्या आईनं ठेवला."

"नवी छपाईही याच मजकुरानं झालीय. जा, मशीनवर बसा."

लंडनच्या मोटार प्रदर्शनाला ती तिकीट काढून गेली, मला ओढत. झगमगत्या दिव्यांखाली, फिरत्या चौथऱ्यावर लिनेट गोल फिरत होती. कुणी पत्रक उचललं की मेव्हिस पुढं व्हायची. "ही मीच. हे मी कधीच बोलले नाही. पोरांना बसवण्याआधी मागचं दार ओढून बघा." लोक थबकून एकदा चित्राकडे, एकदा तिच्याकडे बघायचे. एकानं दार ओढलं. कडी लागलेली असूनही ते उघडलं. केवढा गलका झाला! रखवालदार धावले, पण वर्तमानपत्रवाले आधी पोचले.

तिची नोकरी गेली. कंपनीला गाड्या परत बोलावून दारांच्या कड्या बदलाव्या लागल्या. पण लिनेटचा खप जो बसला तो बसलाच. पुढं गाडी बंद झाली आणि आमचं शिवणखातंही गेलं.

तेव्हा मेव्हिस इस्पितळात कपडे धुवायची. एका संध्याकाळी बस थांब्यावर आम्हाला डॉट भेटली. आमच्याच रांगेत शिवायची, मेव्हिसच्या लग्नात तिची करवली होती. मेव्हिस पुढं झाली, तशी ती फणकारली.

"हात लावू नकोस. पोटावर पाय दिलास आमच्या."

"डॉट, त्या पोराचा हात अजून सरळ होत नाही गं."

"मलाही पोरं आहेत. ती काय खाणार?"

बस आली. डॉट चढली, काचेतून तिनं वळूनही पाहिलं नाही. मेव्हिस तोंडावर हात धरून उभी होती. आमचीही बस तीच, पण ती आम्ही जाऊ दिली.