समुद्रघोड्यांच्या बदल्यात दिलेला दगड

चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं वन्संच्या. पीळ घालता घालता मी सांगून टाकलं, "वन्सं, तुमचे समुद्रघोडे मेलेले नाहीत. फोटोवाल्याच्या दुकानात आहेत. मी आत्ता डोळ्यांनी बघून आले."

वन्संनी पीळ सोडला नाही. उलट आणखी एक वेढा दिला. चादर टर्रकन फाटली. बाकीच्या चादरी बादलीतच राहिल्या, आणि ओल्या हातांनीच आम्ही दोघी घराबाहेर पडलो.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देतात. लग्न केलं नाही. "दिवसभर लोकांच्या बत्तिश्या घासायच्या आणि घरी येऊन आणखी एकाचं हसू झेलायचं, कुणी सांगितलंय?" म्हणतात. आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात, आणि तिथे त्यांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात समुद्रघोड्यांची एक जोडी. बाकी मासा नाही. कारण समुद्रघोड्याला जठर नसतंच. खाल्लेलं सरळ पुढे सरकतं, म्हणून सारखं भरवावं लागतं. आणि स्वभाव इतका संथ, की दुसरे मासे त्याच्या तोंडापुढचा घास पळवतात. वन्सं कामावरच्या बारीक चिमट्याने कोळंबीचे कण एकेकाला भरवायच्या. पिल्लं वाढतात ती नराच्या पोटावरच्या पिशवीत. "पुरुषजातीत एवढा एकच शहाणा निघाला," हा वन्संचा ठरलेला विनोद. या खेपेला त्या शहाण्याची पिशवी भरत आली होती.

नेमकं तेव्हाच वन्संच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. मी दवाखान्यात सोबतीला. किल्ली दिली त्यांच्या मावसभावाला, म्हणजे या फोटोवाल्याला. त्यालाही हाच नाद. त्याच्या स्टुडिओत भिंतभर टँक आहे, रंगीबेरंगी मासे आहेत, लोक त्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतात. आम्ही घरी आलो तर हा दारातच उभा. "ताई, सांगायला जीभ रेटत नाही गं. लाईट गेली, पंप बंद पडला, दोन्ही गेले. तुला बघवलं नसतं म्हणून मीच टाकून दिले." वन्सं रडल्या आणि याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी विसरलेली नाही.

तर आम्ही स्टुडिओत पोचलो. समुद्रघोडे एका कोपऱ्यात काडीला शेपूट गुंडाळून बसले होते. पोटं खपाटीला गेलेली, नराची पिशवी रिकामी. पिल्लं कुठे गेली हे विचारायची गरज नव्हती. भोवतालचे रंगीत मासे चांगले गुबगुबीत झाले होते.

"हे माझे," वन्सं म्हणाल्या.

"छे गं ताई! हे मी विकत आणलेत. समुद्रघोडे काय, सगळे सारखेच."

"सारखे? त्यांच्या डोक्यावरचा मुकुट आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो, एकाचा दुसऱ्याला नाही. आणि याच्या मुकुटाचं डावं टोक माझ्या पंपाच्या जाळीत मोडलंय. बघ."

त्याने बघितलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, गिऱ्हाईक बसलंय. हिला घरी न्या. ऑपरेशननंतर बायका जरा हळव्या होतात."

देवाजवळ मी आजवर घरादाराचं बरंच मागत आले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कुणाचं तरी वाईट मागितलं. मागताना जीभ अडखळली नाही.

दोन दिवसांनी वन्संनी त्याला फोन केला. त्यांच्याकडे एका वेगळ्या छोट्या टँकमध्ये समुद्रातला एक जांभळा दगड आहे, भोकाभोकांचा, देखणा. त्यावर फोटोवाल्याचा कधीपासून डोळा. "दगड ने, जोडी दे," एवढंच त्या बोलल्या. तो लगेच जोडी घेऊन आला. गिऱ्हाईकं विचारायला लागली होती ना, हे आजारी आहेत का म्हणून.

"घेण्याआधी ऐक," वन्सं म्हणाल्या. "त्या दगडात हातोडी आहे."

हातोडी हे वन्संनी ठेवलेलं नाव. कोळंबीसारखाच दिसणारा प्राणी, पण पुढचे पाय असे, की एका ठोशात शिंपला फोडतो. दिवसा भोकात दडून बसतो. तो दगडाबरोबर आला म्हणून तर वन्संनी दगड वेगळा ठेवला होता. टक, टक असा आवाज मी स्वतः ऐकलेला.

फोटोवाला हसला. "ताई, मला शिकवतेस? दगड द्यायचं जिवावर आलंय, म्हणून बागुलबुवा दाखवतेस!"

"मी सांगायचं ते सांगितलं. तू साक्षीला आहेस ना गं?"

"आहे," मी म्हटलं.

वन्सं एक अक्षर खोटं बोलल्या नाहीत. पण कशा बोलल्या तेही लिहिते. भाजी महाग सांगितली की ज्या आवाजात त्या "राहू दे, नको मला" म्हणतात, त्याच आवाजात. त्या आवाजावर त्यांचा मावसभाऊ विश्वास ठेवणार नाही, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

फोटोवाला दगड घेऊन गेला, जोडी वरच्या टँकमध्ये परत आली. मादी दुसऱ्या दिवसापासून खायला लागली. नराने चिमट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो गेला तेव्हा वन्सं रडल्या नाहीत. चिमटा धुऊन, पुसून ठेवला.

मग फोन सुरू झाले. शंख फुटले, खेकडा गेला, निळ्या माशाची शेपूट अर्धीच उरली. "ताई, तो बाहेर कसा काढायचा?"

"येतो मला काढता."

"मग सांग ना!"

"नाही सांगणार."

"अगं, मासे मरतील!"

"मासे माझ्याकडे आण. त्यांनी माझं काही चोरलेलं नाही."

मी म्हटलं, "वन्सं, पिल्लं त्या माशांनीच खाल्ली."

"मासे खाणारच. त्यांच्यात सोडलं कुणी?"

आज सकाळी तो दोन बादल्या घेऊन जिना चढून आला, घामाघूम. वन्संनी मासे आमच्या मोठ्या टबात घेतले. "परत कधी नेऊ?" त्याने विचारलं.

"नेणार नाहीस."

"ही चोरी झाली!"

"जा ना पोलिसांत. जोडीचंही सांग तिथे."

तो माझ्याकडे बघायला लागला, वहिनी काहीतरी बोलेल म्हणून. मी त्याच्या रिकाम्या बादल्या त्याच्या हातात दिल्या.

ऐकते की स्टुडिओत आता नुसता दगड आहे. फोटो काढायच्या ऐन वेळेला टक होतं, गिऱ्हाईक दचकतं आणि फोटो हलतो. देवाने माझं ऐकलं की वन्संचं, ठाऊक नाही. दिव्यात आज तूप जरा जास्त घातलं.

टबातल्या माशांना खारं पाणी लागेल, आणि घरातलं टँकचं मीठ संपलंय. वन्संनी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि मीठ आणायला गेल्या.