दोन सारख्या पुल्या

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये संगणकाच्या हुकुमावर धातू कापणारं एक जुनं सीएनसी मिलिंग मशीन बंद पडून होतं. टेबल सरकवणारी मोटर जळलेली, कंट्रोलर मेलेला. शेवटच्या वर्षी मी आणि माझ्या मित्राने तेच प्रोजेक्ट म्हणून घेतलं. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर त्यावर ॲल्युमिनियमचा एक चौकोन कापून दाखवायचा, नाहीतर वर्ष जाणार. त्या साली घरच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बोंडअळी शिरली होती. अजून एक वर्ष यवतमाळात राहू द्या, असं घरी म्हणता आलं नसतं. हे कळत होतं, पण भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

मोटर निवडायची वेळ आली तेव्हा मी बाबांना फोन केला. का केला, नीट सांगता येत नाही. घरात मोटर हा विषय त्यांचाच.

"किती एचपीची हाय?"

"याले एचपी नसते बाबा. पिळायचा जोर किती, ते पाह्यतात."

"मंग मोठीच घे. विहिरीवर लहान मोटर लावली का जळते, तुले काय सांगू."

आम्ही मोठीच स्टेपर मोटर घेतली. पुल्याही गावच्या पिठाच्या चक्कीसारख्या बसवल्या: मोटरीवर लहान, टेबल सरकवणाऱ्या स्क्रूवर दुप्पट मोठी. म्हणजे जोरही दुप्पट. मित्राच्या घरी सगळे कचेरीत नोकरीला, पण त्यालाही ते पटलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी टेबल वेगात सरकवायला गेलो. मोटर किंचाळली आणि जागच्या जागी थरथरत राहिली.

"काहून रडून राह्यली बे ही?" मित्र म्हणाला. "मोठी आणली ना तुनं?"

मग आम्ही मोटरीचा वेग आणि जोर दाखवणारा आलेख पहिल्यांदा नीट पाहिला. विहिरीची मोटर एकाच वेगाने फिरते. हिचा वेग वाढला की जोर गळत जातो. मोठ्या पुलीमुळे आम्ही तिला दुप्पट पळवत होतो, आणि त्या वेगाला तिच्यात काही उरत नव्हतं.

"दोन्ही पुल्या सारख्या लावू," मी म्हणालो.

"अन् कापताना जोर कमी पडला तं?"

"थोडं थोडं कापू."

"पक्कं?"

"माहीत नाही."

त्याने भंगारातली एक लहान पुली काढली, तिचं भोक वाढवून ती स्क्रूवर मोठीच्या जागी बसवली आणि मोटर मागे सरकवून पट्टा ताणला.

दुसऱ्या दिवशी परीक्षक खुर्ची ओढून बसले. टेबल सरकलं. कटर एका वेळी कागदाएवढा पातळ पापुद्रा काढत होता. मध्येच त्यांनी घड्याळ पाहिलं. चौकोन सुटल्यावर त्यांनी तो मोजला, "ठीक आहे" म्हणाले आणि सही केली.

मित्राने माझ्या पाठीत जोरात थाप मारली. "हस ना बे! सुटलो आपण!"

त्याने सांगितलं म्हणून मी हसलो. घरी फोन करायचा होता. करतो, करतो म्हणत मशीनखालचा कीस झाडत बसलो.