दोन गाठी

दत्तात्रय बर्व्यांनी दिल्लीच्या पोरांना चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, आणि घसा फोडून एकच सांगितलं, "वजन कितना है मत पूछो, टेके से कितनी दूर है ये पूछो!" पोरं हसायची. हसोत बापडी.

मयूर विहारच्या चौथ्या मजल्यावर गुढीसुद्धा ते याच हिशेबानं उभारत. तांब्या नेमका काठीच्या टोकाला, सगळा भार लांब. म्हणून कठड्याला दोन गाठी हव्यात, एक खाली, एक वर. एकाच गाठीवर काठी फिरणारच. ते वरची गाठ मारायचे, अरुणाताई खालचं टोक धरायच्या आणि दरवर्षी विचारायच्या, "अहो, सरळ झाली का?"

यंदा अरुणाताईंची डावी बाजू लुळी पडलेली. महिन्याभरात दोनदा खुर्चीतून पडल्या. मुलगा सुधन्वा बंगळुरूहून फोनवर कडाडला, "बाबा, आता एकदा जरी पडली ना, तर आईला मी शुश्रूषा केंद्रात ठेवणार. बस्स!"

"मला तिकडे पाठवू नका हो," त्या रोज म्हणायच्या.

"छे गं, नाही पाठवत," हे रोज म्हणायचे.

पाडव्याच्या सकाळी त्यांनी बायकोला बाल्कनीत खुर्चीवर बसवलं आणि ओढणीनं कमरेशी बांधलं. दुसरी ओढणी छातीशी बांधायला घेतली, तर अरुणाताईंचे डोळे भरले. "सणाच्या दिवशी कैद्यासारखी काय बांधता?" ह्यांना गलबलून आलं. राहू दे म्हणाले. अहो मास्तर, चौतीस वर्षं काय शिकवलंत!

गुढीची खालची गाठ झाली. काठी कठड्याबाहेर झुकलेली, दोन्ही हातांत. तेवढ्यात अरुणाताईंचं डोकं डावीकडे कललं, मग खांदा. कमरेची गाठ पक्की होती, तिच्याभोवतीच त्या फिरत गेल्या. खाली बायका भाजीच्या ठेल्याभोवती उभ्या होत्या. काठी सोडली तर तांब्या थेट कुणाच्या तरी डोक्यात.

त्यांनी काठी सोडली नाही. ती आत ओढेपर्यंत अरुणाताई खुर्चीसकट आडव्या झाल्या होत्या.

फरशीला गाल टेकवून त्यांनी विचारलं, "अहो, सरळ झाली का?"

"झाली," ते खोटं बोलले.

"सुधन्वाला सांगू नका हो."

बायकोला उचलायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला. पाठ साथ देईना. शेजाऱ्यांना हाक मारता आली असती, पण आजचं निभेल, उद्याचं काय? देवा, काय करू मी? तिथंच बसून, अरुणाताईंचा उजवा हात हातात धरून, दत्तात्रयांनी स्वतःच सुधन्वाला फोन लावला.