महेश्वरीची फिरती पानथरी

सात रस्ता चौकाजवळ कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणारी निंगव्वा बोलायला लागली की गिऱ्हाईक हसल्याशिवाय जात नसे. मूळची अक्कलकोटकडची, त्यामुळं हसणं मराठीत आणि रागावणं कानडीत. पण गेलं वर्षभर तिचं हसू आटलं होतं. सात वर्षांची लेक महेश्वरी खेळता खेळता मध्येच पोट धरून बसायची. घटकाभरानं पुन्हा हुंदडायला मोकळी. "शाळा चुकवायची नाटकं," शेजारणी म्हणत. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली.

एकदा आंघोळ घालताना लेकीच्या बेंबीपाशी निंगव्वाच्या हाताला गोळा लागला. दुसऱ्या दिवशी तो तिथं नव्हताच!

"गाठ कुटं पळून जाती का?" नवरा रुद्रप्पा म्हणाला.

त्याच आठवड्यात महेश्वरी कळवळून ओकायला लागली. दोघांनी तिला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं.

मुलांच्या सर्जन अंकिता मॅडमनी पोट चाचपलं, सोनोग्राफी केली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "पानथरी, म्हणजे प्लीहा, डावीकडं, फासळ्यांखाली असते. हिची ती जागा रिकामी आहे. पानथरी इथं, खाली उतरलीय. तिला धरून ठेवणारे बंध हिला जन्मापासूनच नाहीत. फार क्वचित दिसतं हे. ती पोटात हिंडते, पीळ पडला की दुखतं, सुटला की थांबतं."

निंगव्वाचे डोळे भरले. "म्हंजे पोरगी खरंच बोलत हुती. आता काढून टाकायची का?"

"रक्त अजून पोचतंय. पीळ सोडवू आणि जाळीच्या पिशवीत घालून जागेवर बसवू. अगदीच नाइलाज झाला तर काढू."

ऑपरेशन चालू होतं तोवर रुद्रप्पा सिद्धरामाचा धावा करत फेऱ्या घालत होता. मॅडम बाहेर आल्या त्या हसतच. "पानथरी वाचली! काळपट झाली होती, पीळ सोडवला तशी डोळ्यांदेखत रंग फिरला."

निंगव्वानं त्यांचे दोन्ही हात धरले आणि कानडीत बोलत सुटली. मॅडमना एक अक्षर कळेना, तरी त्या मान डोलवत राहिल्या.

शुद्धीवर आल्यावर महेश्वरीनं विचारलं, "अव्वा, ती आता गप बसली का?"

"बसली की! मॅडमनी झोळीत घातलीया तिला."

काही महिन्यांनी खेळायची परवानगी मिळाली. त्याच संध्याकाळी गल्लीत लंगडीचा डाव रंगला. महेश्वरीनं एकामागून एक पोरी बाद केल्या. निंगव्वाला राहवेना. पदर खोचून तीही रिंगणात उतरली, दोन उड्यांत धपकन खाली बसली आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच खदाखदा हसली.